पाय क्रस्टला बटर, तूप की डालडा?

ताई, तुम्ही साताऱ्याहून विचारलंय की स्ट्रॉबेरी पाय (मैद्याच्या पारीत, म्हणजे क्रस्टमध्ये, फळाचं सारण भरून ओव्हनमध्ये भाजतात तो) दोनदा करून बघितला, पहिल्यांदा घरचं तूप पातळ करून घातलं तर क्रस्ट खुसखुशीत झाला पण पापुद्रे सुटलेच नाहीत, दुसऱ्यांदा पिवळं बटर घेतलं तर ते हातातच विरघळलं आणि भाजताना कडा घसरून खाली बसल्या, मग आता डालडा आणू का मार्गारिन, आणि व्हिडिओत लार्ड म्हणतात ते काय असतंय आणि इथं मिळतंय का.

आधी थेट सांगतो. चवीसाठी अनसॉल्टेड बटर, त्याला तोड नाही. पण मार्च ते मे सांगली-साताऱ्याच्या दुपारी नुसत्या बटरवर पाय करायचा असेल तर एकतर पहाटे करा, नाहीतर चौथा हिस्सा दुसरं घट्ट फॅट मिसळा. आणि तुमचे दोन्ही पाय बिघडले ते कुठलं फॅट घेतलं त्यामुळं कमी आणि ते कुठल्या अवस्थेत मैद्यात गेलं त्यामुळं जास्त. हे नीट समजून घ्या, मग दुकानात काय मागायचं ते आपोआप कळतंय.

आमची बेकरी वडिलांपासूनची, सांगलीत, लाकडाची भट्टी होती तेव्हापासून. खारी, नानकटाई, टोस्ट हे रोजचं काम. पाय, टार्ट (म्हणजे बिनझाकणाचा, खुसखुशीत तळाचा पाय) हे मी नंतर सुरू केलं, त्याला २० एक वर्षं झाली असतील, आणि सुरुवातीला मीसुद्धा तीच चूक केली जी आपल्याकडं करंजी येणाऱ्या प्रत्येकाच्या हातून होते. आपण करंजीला कडकडीत मोहन घालतो, ते चर्र वाजलं पाहिजे, मग पीठ चोळून मुटका वळला की मोहन बरोबर पडलं म्हणतो. आईनं, आजीनं हेच शिकवलंय आणि करंजीसाठी ते शंभर टक्के बरोबर आहे. गरम पातळ तूप मैद्याच्या कणाकणाला लागतंय, मग पाणी घातलं तरी त्या कणांना पाणी पुरेसं पोचत नाही, चिवटपणा धरत नाही, म्हणून करंजी दाताखाली भुगा होते. पण पायच्या वरच्या थराला भुगा नकोय, पापुद्रा पाहिजे. तिथं फॅट सगळीकडं सारखं लागलं की खेळ संपला. तुमच्या पहिल्या पायचं हेच झालं. तुपाचा दोष नाही, ते मोहन झालं एवढंच.

पापुद्र्याचं काम कसं चालतं ते चिरोट्यावरून कळेल. चिरोट्याला आपण साटा लावतो, तूप फेटून त्यात तांदळाची पिठी किंवा कॉर्नफ्लॉर, का, तर ते पोळीच्या थरांमध्ये घट्ट बसून राहावं, पिठात मुरू नये. पायमध्ये हेच काम थंड बटरचे तुकडे करतात. मैद्यात शेंगदाण्याएवढे, डाळीएवढे तुकडे राहिले की लाटताना ते चपटे होऊन पातळ पत्रे बनतात, मैद्याच्या दोन थरांमध्ये बटरचा एक पत्रा. ओव्हनमध्ये गेल्यावर बटर वितळतं, तिथं पोकळी राहते, बटरमधल्या पाण्याची वाफ होते आणि वरचा थर उचलला जातो, तेवढ्यात मैदा भाजून कडक होतो आणि थर तिथंच थांबतो. म्हणजे फॅट ओव्हनच्या दारापर्यंत घट्ट राहिलं पाहिजे. आधीच वितळलं की ते मैद्यात मुरलं आणि तुमचा पाय नकळत करंजी झाला, शिवाय कडांना आतून आधार राहत नाही म्हणून त्या घसरतात. दुसऱ्या पायचं हे झालं.

आता एकेक फॅट बघू.

बटरमध्ये साधारण ८० टक्के फॅट असतं, १६ टक्क्यांपर्यंत पाणी आणि बाकी दुधाचे घटक, मीठ वगैरे. ते पाणी वाफ देतं, दुधाचे घटक भाजले की तो खमंग रंग आणि वास येतो जो दुसऱ्या कशातच येत नाही. वितळतं ३२ ते ३५ अंशाला. आपल्या तोंडाचं तापमान ३७, म्हणून बटरचा क्रस्ट जिभेवर ठेवला की फॅट विरघळून जातं, मागं काही चिकटत नाही. हाच त्याचा मोठा गुण आणि हीच त्याची अडचण, कारण एप्रिल-मेमध्ये सांगलीची दुपार ३८-३९ ला जाते, म्हणजे बाहेरची हवाच तोंडापेक्षा गरम. बटर काम करायला सगळ्यात चांगलं असतंय ते १५ ते १८ अंशाच्या आसपास, फ्रीजमधून काढल्या काढल्या ते ठिसूळ असतं, तुटतं, आणि २० च्या वर मऊ पडायला लागतं. म्हणजे मधला तेवढाच पट्टा आपल्या हाताशी, आणि उन्हाळ्यात तो पाच-सात मिनिटात निघून जातो. महाबळेश्वर-पाचगणीला डिसेंबरच्या सकाळी हेच बटर घेऊन बसलात तर अर्धा तास आरामात काम होतंय. बटर तेच, हवा वेगळी.

तुम्ही जे पिवळं बटर घेतलं ते ब्रेडला लावायचं मीठवालं असणार. त्यात १०० ग्रॅमला साधारण २ ग्रॅम मीठ असतं, वर तुम्ही रेसिपीतलं मीठ पण घातलं असेल तर क्रस्ट खारट लागला असेल. चालतं ते, मैद्यात वेगळं मीठ घालू नका एवढंच. पण शक्य असेल तर अनसॉल्टेड मागा, आता साताऱ्यात मोठ्या किराणा दुकानात किंवा केकचं सामान विकतात तिथं मिळतं. स्ट्रॉबेरी आंबटगोड असते, तिच्याखाली मीठ आपल्या हातात राहिलेलं बरं.

घरचं लोणी घेऊ का असं पुढं विचाराल म्हणून आत्ताच सांगतो. जरूर घ्या, पण त्यात पाणी किती आहे ते बघून. सायीचं लोणी कितीही धुतलं तरी त्यात ताक आणि पाणी अडकून राहतं आणि ते दर वेळी वेगळं. मी काय करतो, लोणी बर्फाच्या पाण्यात दोन-तीनदा धुतो, मग थंडगार असताना लाकडी उलथन्यानं परातीत दाबून दाबून पाणी काढतो, आणि त्यातलं बरोबर १०० ग्रॅम वेगळं काढून कढवून तूप करतो. तूप ८० ग्रॅमच्या आसपास निघालं तर ते लोणी बाजारच्या बटरसारखं वापरा. ७० निघालं तर लोणी वाढवा आणि वरचं पाणी कमी करा. ही चाचणी एकदा केली की आपल्या घरच्या लोण्याचा अंदाज येतो. आपल्या भागात म्हशीचं दूध जास्त, आणि म्हशीचं लोणी गाईच्यापेक्षा जरा घट्ट राहतं, जरा उशिरा मऊ पडतं, पायला ते फायद्याचं आहे. रंग पांढरा असतो, त्याचं काही बिघडत नाही, भाजल्यावर क्रस्ट सोनेरीच होतो. फक्त विरजण फार आंबलेलं नको, तो वास क्रस्टमध्ये उतरतो.

तूप म्हणजे जवळजवळ सगळं फॅट, पाणी नाहीच. त्यामुळं दोन गोष्टी. एक, बटरच्या जागी तेवढंच तूप घातलं तर क्रस्ट तुपकट होणार, १०० ग्रॅम बटरला ८० ग्रॅम तूप धरा आणि गेलेलं पाणी, १५-१६ मिली, वरच्या पाण्यात वाढवा. दोन, ते पातळ घालायचं नाही. ताटलीत बोटभर थर ओतून फ्रीजरमध्ये कडक करा आणि उलथन्यानं खरवडून पापड्या काढा, त्या पापड्या मैद्यात घाला. असं केलं की तुपाच्या क्रस्टलासुद्धा थर येतात, बटरएवढे उचलत नाहीत पण येतात. भिलवडीचं चितळ्यांचं तूप असो की घरचं रवाळ तूप असो, रीत हीच. चवीचं म्हणाल तर तुपाचा वास जोरदार असतो, स्ट्रॉबेरीला तो झाकून टाकतो असं माझं मत. पण सफरचंद, दालचिनी आणि तासगावचे बेदाणे असं सारण असेल किंवा गूळ-खोबऱ्याचं असेल तर मी मुद्दाम तुपाचा क्रस्ट करतो, तिथं तूप शोभतं. गिऱ्हाईकांनी सणाला तोच मागितलाय अनेकदा.

डालडा, म्हणजे वनस्पती. हा आपल्याकडं १९३७ पासून आहे आणि आपल्या कितीतरी नानकटाया आणि शंकरपाळ्या त्याच्यावर झाल्यात. फायदा हा की तो बटरपेक्षा उशिरा मऊ पडतो, लाटायला सोपा, कडांना जी नक्षी घालाल ती भाजल्यावर तशीच उभी राहते. तोटा, चव काहीच नाही, आणि पाणी नसल्यामुळं वाफ पण कमी. आरोग्याचं विचाराल तर खरी भीती होती ट्रान्स फॅटची, ते तेल अर्धवट हायड्रोजनेट करताना, म्हणजे हायड्रोजन घालून घट्ट करताना तयार होतं आणि हृदयाला वाईट. १ जानेवारी २०२२ पासून आपल्या देशात तेल-तुपातल्या अशा ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्क्यांवर आणलीय, त्यामुळं आजचं पाकीट पूर्वीच्या डब्यासारखं नाही. तरी पाकिटामागं ट्रान्स फॅटचा आकडा लिहिलेला असतो तो वाचूनच घ्या आणि सुटं, बिन-लेबलचं फॅट किलोवर आणू नका. घरात हृदयाचा त्रास असलेलं कोणी असेल तर मी ते वापरणारच नाही, बटर पण त्यांना बेतानंच.

मार्गारिन, म्हणजे तेलापासून केलेलं बटरसारखं फॅट, दोन प्रकारचं असतं हे लक्षात घ्या. केकसाठीचं मऊ, ते पायला कामाचं नाही. आणि खारी-पफसाठीचं लॅमिनेशनचं, म्हणजे थर पाडायचं, ते मुद्दाम असं बनवलेलं की ४० च्या वर जाईपर्यंत हलत नाही. आम्ही बेकरीत खारीला तसलंच वापरतो कारण उन्हाळ्यात भट्टीशेजारी बटरची खारी करणं शक्यच नाही आणि खारी चहात बुडवून खायची असते, गरम चहा ते फॅट वितळवतो. पाय मात्र थंड किंवा कोमट खातात. मग जे ३७ ला वितळत नाही ते टाळूला मेणासारखं चिकटून बसतं. गिऱ्हाईक म्हणतं तोंडात काहीतरी राहतंय, ते हेच. म्हणून घरच्या पायसाठी पफ मार्गारिन मी सांगत नाही, कितीही सोपं वाटलं तरी.

लार्ड म्हणजे डुकराची चरबी, तापवून गाळलेली. अमेरिकेत-इंग्लंडमध्ये जुन्या बायका त्यावरच पाय करायच्या, घरात डुक्कर कापलं की ती चरबी घरचीच असायची. तिचे स्फटिक मोठे असतात म्हणून पापुद्रे फार सुंदर सुटतात, हे खरंय. नंतर तिथं १९११ मध्ये क्रिस्को नावाचं सरकीच्या तेलापासून केलेलं वनस्पती फॅट आलं आणि बऱ्याच घरांनी लार्ड सोडलं. तुम्ही व्हिडिओत ज्याला शॉर्टनिंग म्हणताना ऐकता ते या जातीचं, आपल्या डालड्याचं भावंड. आपल्याकडं लार्ड सहज मिळत नाही आणि बहुतेक घरात चालणारही नाही, त्याच्यामागं लागू नका. लार्डची रेसिपी असेल तर वनस्पती आणि बटर निम्मं-निम्मं घ्या, जमून जाईल.

तेलाचा क्रस्ट होतो, पण पापुद्रे विसरा. खोबरेल २४-२५ अंशाला वितळतं, थंडीत ते दगड आणि उन्हाळ्यात पाणी, मधलं काही नाही.

आता मी स्वतः काय करतो ते. एका ९ इंची टिनच्या खालच्या थराला मैदा १७० ग्रॅम, अनसॉल्टेड बटर ११० ग्रॅम, बर्फाचं पाणी ४० ते ५० मिली, चिमूट-दोन चिमूट मीठ, एक चमचा साखर. वर झाकण किंवा जाळी पाहिजे असेल तर सगळं दुप्पट. डिसेंबर ते फेब्रुवारी एवढंच, दुसरं काही नाही. उन्हाळ्यात ११० च्या जागी ८० ग्रॅम बटर आणि २५ ग्रॅम वनस्पती. वनस्पती नकोच असेल तर ८५ ग्रॅम बटर आणि २० ग्रॅम म्हशीचं तूप, खरवडलेलं, मात्र तूप वनस्पतीएवढी साथ देत नाही, मग वेळ पहाटेचीच धरा. आमच्याकडं खारीची माणसं उन्हाळ्यात ४ वाजता कामाला लागतात ती उगीच नाही.

एकदा एप्रिलमध्ये मी एका कार्यक्रमाची १२ पायची ऑर्डर दुपारी करायला घेतली होती, बटर उत्तम, मैदा उत्तम, आणि बाराच्या बारा कडा भट्टीत ओघळल्या. रात्री परत केले, पहाटेपर्यंत. तेव्हापासून मैदा, परात, लाटणंसुद्धा फ्रीजमध्ये ठेवतो. हसू नका, मैद्याचा पण डबा ३५ अंशाच्या स्वयंपाकघरात ३५ चाच असतो, त्यात थंड बटर टाकलं की पहिलं बटरच तापतं.

बटर फ्रीजरमध्ये कडक करून किसणीवर किसा, अर्धं वेष्टन तसंच ठेवून तिथं धरा म्हणजे हाताची ऊब लागत नाही. किसलेलं परत १० मिनिटं फ्रीजरला. मग मैद्यात बोटांच्या टोकानं फक्त मिसळायचं, तळहात लावायचा नाही. पाणी चमच्या-चमच्यानं. मळायचं नाही, गोळा करायचा. मुठीत दाबलं की चिकटून राहिलं आणि तुकडा मोडताना थोडा भुरभुरला की थांबा. पावसाळ्यात मैदा आधीच ओलसर असतो, पाणी कमी लागतं. चपटी वडी करून प्लास्टिकमध्ये गुंडाळून १ तास फ्रीजला, मग लाटताना एकदा घडी घालून परत लाटा, पत्रे वाढतात. गोळ्यात पिवळे डाग दिसले पाहिजेत. न दिसणारा, गुळगुळीत, कणकेसारखा गोळा झाला असेल तर तो टार्टला वापरा, पापुद्र्याची आशा धरू नका.

आणि उन्हाळ्यासाठी अजून एक युक्ती, ही साट्यावरूनच सुचावी अशी आहे. १७० पैकी ११० ग्रॅम मैदा आधी घ्या, त्यात सगळं थंड बटर घालून कोरडा मैदा दिसेनासा होईपर्यंत एकत्र करा, मिक्सर पल्सवर फिरवला तर एका मिनिटात होतं. मग उरलेला ६० ग्रॅम मैदा वरून भुरभुरून दोन-तीनदाच फिरवा आणि पाणी घाला. काय होतं, बटर मैद्यात बांधलं जातं, साट्यासारखं, थोडं तापलं तरी सैरावैरा वाहत नाही, आणि पुढचा कोरडा मैदा पाणी पिऊन चिवट थर बनवतो. नवीन माणसाला मी हीच पद्धत शिकवतो, दर वेळी सारखी येते.

तुमची स्ट्रॉबेरी पाणी सोडणारी, तिच्याखाली क्रस्ट चिघळतो, त्यामुळं खालच्या थराला बटर जरा जास्त चोळा, रव्यासारखं बारीक. तिथं करंजीचा हात चालतो उलट, बारीक चोळलेला थर रस कमी पितो. मोठे तुकडे वरच्या झाकणाला. टिनमध्ये बसवून परत अर्धा तास फ्रीज, बसवताना ओढून ताणू नका, नाहीतर आकसतो. ओव्हन २०० वर २० मिनिटं आधी तापवा आणि खालच्या खणात एक स्टीलचा ट्रे तापत ठेवा, टिन त्यावर ठेवायचा. क्रस्टवर बटर पेपर, त्यात वाटी-दोन वाटी राजमा किंवा हरभरे वजनाला, १५ ते १८ मिनिटं, मग कडधान्य काढून अजून ६-७ मिनिटं तळ कोरडा होईपर्यंत. ते हरभरे उसळीला नको, डब्यात भरून पुढच्या पायला ठेवा.

मग सारण. अर्धा किलो स्ट्रॉबेरी असेल तर त्यातली निम्मी स्ट्रॉबेरी साखर आणि ३ चमचे कॉर्नफ्लॉरबरोबर शिजवून दाट करा, निम्मी कच्ची चिरून त्यात मिसळा, गार झाल्यावरच क्रस्टमध्ये ओता. गरम सारणावर कच्चं झाकण ठेवलं की वर सांगितलेली सगळी मेहनत वाया, झाकणातलं बटर तिथंच वितळतं. झाकण घालणार असाल तर २०० वर २० मिनिटं आणि मग १८० वर अजून २५ ते ३०, कडेनं रस बुडबुडायला लागला आणि रंग चांगला तपकिरी झाला की बाहेर. फिकट असताना काढू नका, बटरची चव त्या रंगातच आहे. आणि घरात सगळ्यांनी कितीही घाई केली तरी कापायच्या आधी ३ तास थांबा, गरम कापला तर रस वाहून क्रस्टच्या खाली जातो, गार झाल्यावर कॉर्नफ्लॉर तो धरून ठेवतं.